लांबच्या शिकारीसाठी स्कोप घेतोय: २५ पट हवाच का, की १५ पुरे?

रानवाट

नमस्कार मंडळी. माझ्याकडे .३०८ ची बोल्ट अॅक्शन रायफल आहे आणि तिच्यावर ३-९x४० चा, म्हणजे ३ ते ९ पटीचा आणि ४० मिमीच्या पुढच्या भिंगाचा, जुना साधा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) आहे. मोठ्या हरणवर्गाची शिकार करतो, आतापर्यंत सगळी दोनशे मीटरच्या आतली. आता मोकळ्या डोंगरउतारावर जायचंय, तिथे जनावर तेवढं जवळ येऊच देत नाही, त्यामुळे ४००, जमलंच तर ५०० मीटरपर्यंत तयारी करायची आहे. परवाना, हंगाम आणि तिथला कायदा हे सगळं नीट पाहिलेलं आहे, त्यावर चर्चा नको.

स्कोप बघायला बसलो आणि डोकं भणभणलं. ५-२५x५६, ३-१५x४४, ४-१६x५०, फर्स्ट फोकल प्लेन, सेकंड फोकल प्लेन, मिल, एमओए, ३० मिमीची ट्यूब, ३४ मिमीची ट्यूब... जो तो म्हणतो हेच घे. मला कोणी ब्रँडचं नाव नाही सांगितलं तरी चालेल, पण कशासाठी काय बघायचं ते सांगा. पहिला प्रश्न मॅग्निफिकेशनचाच, लांबचं मारायचं तर २५ पट लागणारच ना?

नेमबाज_मी

५-२५x५६, फर्स्ट फोकल प्लेन, मिल. डोळे मिटून घे. मी टार्गेटवर हजार मीटरपर्यंत हाच वापरतो, कमी पटीवर कधीही आणता येतं, नसलेली पट मात्र वाढवता येत नाही. एकदाच घे आणि चांगला घे.

पहाडी_पाऊल

टार्गेटसाठी बरोबर आहे, शिकारीला मी नाही म्हणेन. ५-२५x५६ वर्गातले चांगले स्कोप एक किलोच्या आसपास जातात, काही त्याच्याही वर, वरून तो रायफलवर बसवायच्या भक्कम रिंगा आणि बेस. ३-१५x४४ किंवा ३-१५x५० मध्ये सहाशे-सातशे ग्रॅममध्ये काम होतं. दिवसभर चढ चढून वर गेल्यावर हात थरथरत असताना हे तीनशे-चारशे ग्रॅम कळतात राव, आणि वजन वर असल्यामुळे रायफल खांद्यावर डुगडुगते ते वेगळंच.

पण वजनापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दिसणारं क्षेत्र. २५ पटीवर १०० मीटर अंतरावर जेमतेम दीड मीटर रुंदीचा तुकडा दिसतो, ५ पटीवर सात मीटरच्या आसपास. रानवाट, तू उतारावर झोपलायस, समोर सहा जनावरं एकाच रंगाच्या गवतात उभी आहेत, त्यातलं एक तुला हवंय, डोळा स्कोपला लावलास की कुठलं ते शोधण्यातच वेळ जातो आणि तोवर ती सरकतात. गोळी सुटल्यावर रायफल उडते, त्यानंतर जनावर कुठे गेलं, लागली का, कुठे लागली, हे स्कोपमधूनच दिसायला हवं. जास्त पटीवर ते दिसतच नाही. मी ४०० मीटरवरही १० ते १२ पटीच्या वर जात नाही आणि मला कधी कमी पडलेलं नाही.

नेमबाज_मी

क्षेत्राचं मान्य. पण पट खाली आणायला कोणी अडवलंय? ५ वर शोधा, २५ वर मारा.

पहाडी_पाऊल

गडबडीत खाली आणायचं राहतं आणि नेमकं तेव्हाच जनावर चाळीस मीटरवर झुडपातून निघतं. २५ पटीवर ते सगळं काच भरून केसच केस दिसतं, ५ वरही अडचणच. ३ किंवा त्याखालची किमान पट शिकारीला लागतेच, हे माझं ठाम मत आहे. वरची पट किती ते नंतर बघा, आधी खालची बघा.

भिंगवाला

मॅग्निफिकेशनवर थोडं सविस्तर लिहितो कारण इथे बहुतेक जणांचं गणित उलटं होतं. लांबलचक होईल, चालवून घ्या.

स्कोपमधून डोळ्याकडे येणारा जो प्रकाशाचा गोल ठिपका असतो ना, त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. ऑब्जेक्टिव्हचा (पुढच्या भिंगाचा) व्यास भागिले पट, एवढंच गणित. ५० मिमीचं ऑब्जेक्टिव्ह १० पटीवर ठेवलं तर ५ मिमी. तेच २५ पटीवर २ मिमी. आता तुमच्या डोळ्याची बाहुली भर उन्हात २ ते ३ मिमीच असते, त्यामुळे दुपारी २५ पटीवरही चित्र झकास दिसतं आणि दुकानात किंवा रेंजवर बघून माणूस खूश होऊन घेऊन येतो. पण मोठी जनावरं बाहेर कधी पडतात? पहाटे आणि संध्याकाळी. तेव्हा तरुण माणसाची बाहुली ७ मिमीपर्यंत उघडते, वय वाढलं की ५ च्या आसपासच राहते. बाहुली ५ ते ७ मिमी उघडलीय आणि स्कोप देतोय २ मिमी, म्हणजे चित्र काळवंडणार. तुम्हाला पट खाली आणावीच लागणार आणि मग ती २५ पट ज्या वेळेला खरी शिकार होते त्या वेळेला निरुपयोगी.

८x५६ नावाचा जुना स्थिर पटीचा प्रकार मचाणावरून बसून शिकार करणाऱ्यांचा लाडका होता तो याचसाठी, ५६ भागिले ८ म्हणजे बरोब्बर ७ मिमी. उगाच नव्हता आलेला.

दुसरं म्हणजे ही ठिपक्याची जागा. एक्झिट प्युपिल लहान झाला की डोळा अगदी नेमका मध्यावर धरावा लागतो, जरा डोकं हललं की चित्राच्या कडेला काळी चंद्रकोर येते. पोटावर सपाट झोपून, बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर), रेंजवर हे जमतं. दगडाला टेकून वाकड्या अंगाने बसलेले असताना नाही जमत.

आणि तिसरं, मिराज. ऊन तापलं की जमिनीवरून हवा लहरत वर चढते, जास्त पटीवर ती लहर इतकी मोठी दिसते की जनावर पाण्याखाली उभं असल्यासारखं हलतं. तेव्हा २५ वरून १२ वर आला नाही तर नेम धरताच येत नाही.

रानवाट

भिंगवाला, हे कोणी असं सांगितलंच नव्हतं. मग सरळ ५६ मिमीचं ऑब्जेक्टिव्ह आणि कमी पट असं घेतलं तर उत्तम ना? जितकं मोठं भिंग तितका उजेड?

भिंगवाला

एका मर्यादेपर्यंतच. ५६ घेतलंस की स्कोप बॅरलला लागू नये म्हणून रिंगा उंच घ्याव्या लागतात, रिंगा उंच झाल्या की गाल दस्त्यावर नीट टेकत नाही, हनुवटीवर तोलून नेम धरावा लागतो आणि तिथून सगळं बिघडतं. दस्त्याला वर-खाली होणारा गालाचा आधार असेल तर चालेल, नाहीतर ४४ ते ५० बेस्ट. ५० मिमीवर १० पट ठेवलीस तर ५ मिमी मिळतातच.

ट्यूबबद्दल पण विचारलं होतंस. ३४ मिमीच्या ट्यूबमधून जास्त उजेड येतो हा गैरसमज फार पसरलेला आहे. उजेड ऑब्जेक्टिव्ह आणि काचेवरच्या लेपावर ठरतो. जाड ट्यूबचा फायदा म्हणजे आतल्या भागाला वर-खाली सरकायला जास्त जागा मिळते, म्हणजे टरेट (नेम सरकवायचं वरचं-बाजूचं चाक) जास्त फिरवता येतो. ५०० मीटरसाठी ३० मिमीची ट्यूब भरपूर झाली.

लेपाचं म्हणशील तर तीच खरी पैसे खर्चण्याची जागा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो, आणि एका स्कोपमध्ये किती काचा, म्हणजे किती पृष्ठभाग, विचार कर. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन कमी करणारा लेप शोधला आणि दुर्बिणींचं जगच बदललं. आता सगळेच बहुपदरी लेप देतात पण दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असतो. नुसते ९२ टक्के, ९५ टक्के असले आकडे वाचू नकोस. संध्याकाळी सूर्य मावळताना दोन स्कोप शेजारी शेजारी ठेव, दोन्ही एकाच पटीवर, आणि झाडाच्या सावलीतली फांदी बघ, साल दिसते का, पानांच्या कडा वेगळ्या कळतात का. मग सूर्य चौकटीच्या जरा बाहेर राहील असा स्कोप फिरव आणि चित्र दुधाळ होतंय का ते बघ (सूर्याकडे थेट बघायचं नाही, कधीच नाही). हे दहा मिनिटं केलंस की कॅटलॉगची गरज नाही.

काडतूस_३०८

भिंगवालांच्या पोस्टला +१०००. आता मी फोकल प्लेनच्या वादात उडी मारतो.

फर्स्ट फोकल प्लेन म्हणजे पट वाढवली की रेटिकलपण (आतली फुली आणि खुणा) मोठं होतं, त्यामुळे त्यावरच्या खुणा कुठल्याही पटीवर खऱ्या. सेकंड फोकल प्लेनमध्ये रेटिकल आहे तेवढंच दिसतं, जनावर तेवढं मोठं होतं, त्यामुळे खुणा एकाच ठरलेल्या पटीवर खऱ्या असतात, बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या. ३-१५ चा स्कोप १५ वर खरा असेल तर ७.५ वर एक मिलची खूण दोन मिलची होते (मिल आणि एमओए ही कोनाची मापं). हे विसरलात आणि वाऱ्यासाठी खूण धरून गोळी सोडलीत तर दुप्पट बाजूला जाणार.

नेमबाज_मी

म्हणूनच म्हणतोय फर्स्ट फोकल प्लेन. विषयच संपला.

गवताळ

विषय नाही संपला. मी जंगलाच्या कडेने शिकार करतो, संध्याकाळी उशिरापर्यंत. फर्स्ट फोकल प्लेनचं रेटिकल ३-४ पटीवर इतकं बारीक होतं की काळपट झुडपापुढे दिसतच नाही, मग जनावर समोर असून नेम कुठे आहे तेच कळत नाही. सेकंड फोकल प्लेनच्या जाड दांड्या कुठल्याही पटीवर तशाच राहतात. माझ्यासारख्याला, जो दोनशेच्या पलीकडे क्वचितच जातो, सेकंडच बरा.

काडतूस_३०८

गवताळ, तुमचा मुद्दा शंभर टक्के रास्त आहे, आणि त्याचं उत्तर रेटिकलच्या रचनेत आहे. फर्स्ट फोकल प्लेन घ्यायचा तर बाहेरच्या दांड्या जाड असलेलं आणि मधे लहानसा दिवा लागणारं रेटिकल घ्या, म्हणजे कमी पटीवर जाड दांड्या मिळून साधी फुली दिसते आणि मधला लाल ठिपका पेटतो. तो दिवा किती प्रखर होतो हे लोक बघतात, मी उलट बघतो, किती मंद होतो ते. अंधारात सगळ्यात खालच्या पायरीवरही डोळ्यात शिरत असेल तर जनावर दिसणार नाही.

आणि ते झाडासारखं खाली पसरत जाणारं, शंभर ठिपक्यांचं रेटिकल शिकारीला नको. स्पर्धेत वेळेत दहा टार्गेटं मारायची असतात तिथे त्याचा उपयोग. जनावराच्या अंगावर सगळे ठिपकेच ठिपके दिसतात. साधी मिलची फुली, अर्ध्या मिलच्या खुणा, बास.

रानवाटला माझा सल्ला: ४००-५०० करायचंच असेल तर फर्स्ट फोकल प्लेन. दोनशेच्या आत राहणार असशील तर गवताळ म्हणतात ते.

रानवाट

मिल की एमओए?

काडतूस_३०८

जे घेशील ते, फक्त रेटिकल आणि टरेट दोन्ही एकाच मापात हवेत. मिलचं रेटिकल आणि एमओएचे टरेट असले स्कोप अजून मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. तू मीटरमध्ये विचार करतोस म्हणून मिल सोपं जाईल, १ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंमी, ०.१ मिलची एक क्लिक म्हणजे १ सेंमी. ४०० मीटरवर तीच क्लिक ४ सेंमी. एमओए १०० मीटरवर २.९ सेंमी येतो, पाव एमओएची क्लिक ०.७३ सेंमी, म्हणजे जरा बारीक, पण हिशेब किचकट. शिकारीला तेवढ्या बारकाव्याने काही फरक पडत नाही.

सावकाश

एवढी चर्चा झाली, सगळी उत्तम. पण स्कोपचं मुख्य काम कोणी बोललंच नाही. टरेट फिरवला की तो खरंच तेवढा फिरतो का, आणि परत आणला की झिरोवर (नेम जुळवून ठेवलेल्या मूळ जागेवर) परत येतो का. काच थोडी कमी असली तर संध्याकाळची दहा मिनिटं जातील, पण हे चुकलं तर जखमी जनावर निघून जाईल.

नवा स्कोप आला की मी आधी हे करतो. १०० मीटर टेपने मोजायचे, रेंजवरच्या पाटीवर विश्वास नाही ठेवायचा. मोठ्या पुठ्ठ्यावर ओळंबा सोडून उभी रेघ मारायची, खालच्या टोकाला नेमाचा ठिपका, तिथून बरोबर १०० सेंमी वर खूण. खालच्या ठिपक्यावर नेम धरून तीन गोळ्या, मग टरेट १० मिल वर, नेम पुन्हा खालच्याच ठिपक्यावर, तीन गोळ्या. आता दोन्ही गटांच्या मध्यातलं अंतर मोज. १०० सेंमी यायला हवं. ९८ आलं तर स्कोप २ टक्के कमी फिरतो, .३०८ ला १०० मीटरच्या झिरोवरून ५०० मीटरला साधारण ४ मिल लागतात म्हणजे २ मीटर, त्याचे २ टक्के म्हणजे ४ सेंमी. हे चालतं, हिशेबात धरता येतं. पण गट रेघ सोडून डावी-उजवीकडे सरकला असेल तर एकतर स्कोप वाकडा बसलाय नाहीतर आतलं रेटिकल तिरकं आहे. आणि टरेट खाली आणल्यावर पहिल्या जागी गोळी गेली नाही तर तो स्कोप त्याच दिवशी परत करायचा, कितीही सुंदर काच असली तरी.

गोळ्या वाचवायच्या असतील तर रायफल घट्ट शिकंज्यात धरून, टेप लावलेल्या फळीवर रेटिकल कुठून कुठे सरकतं एवढं बघूनही चालतं. पण झटका सोसून झिरो टिकतो का हे गोळी मारल्याशिवाय कळत नाही.

पहाडी_पाऊल

सावकाश यांच्या पोस्टची प्रिंट काढून ठेवा सगळ्यांनी.

पॅरॅलॅक्सचं, म्हणजे डोळा सरकला की रेटिकलही सरकल्यासारखं दिसतं त्याचं, मी सांगतो. रानवाट, तुझा जुना ३-९x४० बहुतेक १०० मीटरला कायमचा लावलेला असणार. डोळा मध्यावरून पार कडेला गेला तर ३०० मीटरवर जास्तीत जास्त ४ सेंमी चूक होते, ५०० वर ८ सेंमी. ३०० पर्यंत ठीक, पुढे नाही. नवीन घेशील त्याला बाजूचं पॅरॅलॅक्सचं बटण हवंच. त्यावरच्या आकड्यांवर फार भिस्त ठेवायची नाही, रायफल टेकवून स्थिर कर, डोकं वर-खाली हलव, रेटिकल जनावराच्या अंगावर सरकत नसेल तर बरोबर. आधी मात्र डोळ्याकडचा फोकस नीट लावून घे, कोऱ्या आकाशाकडे बघून रेटिकल पहिल्याच क्षणी काळंकुळकुळीत दिसलं पाहिजे. बरेच जण ते कधी लावतच नाहीत आणि मग काच खराब म्हणतात.

सावकाश

बसवण्याबद्दल पण दोन शब्द, कारण स्कोप बिघडला म्हणून परत आलेल्या तक्रारींमध्ये बऱ्याचदा रिंगाच सैल असतात. रिंगेच्या वरच्या स्क्रूंना टॉर्कचा पाना वापर, साधारण २ न्यूटन-मीटर, पण रिंग बनवणाऱ्याने जो आकडा दिला असेल तोच पाळायचा. हाताच्या अंदाजाने आवळलं तर एकतर सैल राहतं नाहीतर ट्यूब दबते, आणि ट्यूब दबली की पॅरॅलॅक्सचं आणि पटीचं चाक जड फिरायला लागतं.

डोळ्यापासूनचं अंतर ९ ते १० सेंमी ठेव, आणि ते झोपून, बसून, जाड जॅकेट घालून बघ. चढावर वरच्या बाजूला नेम धरलास की डोकं पुढे सरकतं, तिथेच भुवई फुटते.

आणि पाणसळ. रायफल ३ अंश कलली तर ५०० मीटरवर गोळी साधारण १० सेंमी बाजूला जाते, कारण तू जे २ मीटर वर उचललेत ते तिरके उचललेत. डोंगरउतारावर जमीनच तिरकी असते, त्यामुळे डोळ्याला सरळ काय ते कळतच नाही, हमखास कलते. स्कोपवर लहान पाणसळ लाव. वजन नाही, खर्च नाही, आणि मोठ्या स्कोपपेक्षा जास्त कामाची आहे.

नेमबाज_मी

ओके, शिकारीसाठी माझं मत बदलतंय. संध्याकाळच्या उजेडाचा विचार मी केला नव्हता कारण आमच्या रेंजवर लवकरच बंद होतं. पण टरेट उघडे हवेत की टोपीचे?

काडतूस_३०८

उंचीचा टरेट उघडा पण कुलूप असलेला, म्हणजे वर ओढल्याशिवाय फिरणार नाही. बॅगेतून काढताना, झुडपात घासून, गाडीच्या सीटला लागून टरेट अर्धी फेरी फिरलेला असणं हे फार घडतं. झिरो स्टॉप असलेला घ्या, अंधारात बोटाने मागे फिरवत आणलं की झिरोवर जाऊन ठक्कन थांबतो. वाऱ्याचा टरेट टोपीखाली झाकलेला असू दे. उंची टरेटवर, वारा रेटिकलवर धरायचा. वारा क्षणाक्षणाला बदलतो, दर वेळी क्लिका मोजत बसलात तर कधी कुठे ठेवलंय तेच विसरतं.

जुनाजाणता

उशिरा आलो. सगळे तांत्रिक मुद्दे उत्तम आहेत, पण रानवाट यांनी ५०० चा आकडा लिहिलाय तिथे मला थांबावंसं वाटतं.

मोठ्या हरणाचा काळीज-फुफ्फुसाचा भाग २० ते २५ सेंमी व्यासाचा धरतात, म्हणजे मध्यापासून १०-१२ सेंमी. आता .३०८ ची नेहमीची गोळी घ्या. सेकंदाला १ मीटर आडवा वारा ३०० मीटरवर तिला चार-पाच सेंमी सरकवतो. ५०० मीटरवर तोच वारा साधारण १४ सेंमी. म्हणजे ३०० ला वाऱ्याचा अंदाज सेकंदाला १ मीटरने चुकला तरी गोळी जागेवरच जाते, ५०० ला तेवढ्याच चुकीने ती पोटात किंवा खांद्याच्या पुढे. दरीच्या या बाजूला पाला हलत नाही, मधे वारा वर चढतोय, पलीकडे उलटा वाहतोय. १ मीटरने न चुकणारा माणूस मला तरी फार कमी वेळा भेटलाय.

दुसरं, ५०० मीटर जायला गोळीला पाऊण सेकंदाच्या जवळपास लागतो. चरणारं जनावर तेवढ्यात एक पाऊल टाकतं. तुमचा नेम, तुमचा स्कोप, तुमचं गणित सगळं बिनचूक असून गोळी पोटात. याला कुठल्याही काचेत उत्तर नाही.

तिसरं अंतर. ४५० ला ४०० समजलात तर ०.६ मिलचा फरक, ते तिथे २७ सेंमी. थेट खालून निघून जाईल किंवा पाय मोडेल. चांगला लेझर रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) नसेल तर मोठ्या स्कोपचा काही उपयोग नाही. बजेट एकच असेल तर स्कोप एक पायरी खालचा घ्या आणि रेंजफाइंडर चांगला घ्या, हे मी आग्रहाने सांगेन.

अमेरिकेतला शिकाऱ्यांचा बून अँड क्रॉकेट क्लब, जो थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये सुरू केला, त्यांनीही लांबून मारण्याबद्दल सावध भूमिका घेतलेली आहे. जनावराला निसटण्याची रास्त संधी असावी हा त्यांचा जुना आग्रह. मला तो पटतो. ४०० मीटरवर दिसलं तर ते २५० वर कसं आणता येईल याचा आधी विचार करायचा, वारा तोंडावर घेऊन, घळीतून, पोटावर सरपटत. ते जमलं नाही तर त्या दिवशी मारायचं नाही.

नेमबाज_मी

सर, आदर ठेवून असहमत. सराव असेल तर ५०० काही फार नाही. ६.५ क्रीडमूर सारखी कॅलिबर्स वाऱ्याला कमी सरकतात. रोज सराव करणारा माणूस ५०० वर आणि कधीतरीच रायफल काढणारा २०० वर, यात मला पहिला जास्त विश्वासाचा वाटतो.

जुनाजाणता

शेवटचं वाक्य मान्य, मनापासून. मी आकड्याच्या विरोधात नाही, आकडा कुठून आला याच्या विरोधात आहे. तो स्कोपच्या पटीवरून आलेला नसावा. पुठ्ठ्याची २० सेंमीची गोल चकती कापा, अनोळखी जागी, अनोळखी वाऱ्यात, थंड बॅरलने, बायपॉडशिवाय पाठपिशवीवर टेकून पहिली एकच गोळी मारा. दुसरी नाही. वेगवेगळ्या दिवशी असं करत जा. जिथपर्यंत पहिली गोळी दर वेळी चकतीत बसते ते तुमचं अंतर. क्रीडमूरला ते थोडं पुढे जाईल, बरोबर आहे, पण जनावराचं पाऊल कुठल्याही कॅलिबरला थांबत नाही.

गवताळ

यात एक भर. चढावर किंवा उतारावर मारताना स्कोपवर लावायचं अंतर आडवं, म्हणजे सपाट मोजलेलं. ४०० मीटर तिरकं अंतर ३० अंशाच्या उतारावर आडवं ३४६ भरतं. चांगले रेंजफाइंडर ते स्वतःच काढून देतात. न कळता ४०० लावलं तर गोळी वरून जाते, आणि हे चढावर आणि उतारावर दोन्हीकडे वरूनच. वाऱ्यासाठी मात्र पूर्ण ४०० च धरायचे.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मी ठरवलंय ते लिहितो, कोणाला खटकलं तर सांगा.

३-१५x५० च्या आसपासचा, ३० मिमी ट्यूब, फर्स्ट फोकल प्लेन, मिल-मिल, साधं रेटिकल जाड बाहेरच्या दांड्यांचं, मंद होणारा दिवा, कुलूपवाला उंचीचा टरेट, झिरो स्टॉप, वाऱ्याचा टोपीखाली, बाजूचं पॅरॅलॅक्स. वाचलेल्या पैशातून रेंजफाइंडर आणि काडतुसं. या हंगामात मी जनावरावर ३०० च्या पुढे जाणार नाही, चकतीचा सराव करेन आणि मगच पुढचं बघेन. जुनाजाणता, तुमचं ते पाऊण सेकंदाचं वाचून रात्री बराच वेळ विचार करत होतो.

एक शंका राहिली. २० एमओएचा उतार असलेला बेस लावायचा का?

सावकाश

निवड उत्तम आहे. ५०० च्या आत तुला त्या बेसची गरज नाही, ३० मिमीच्या ट्यूबमध्ये १०० मीटरच्या झिरोवरून वर ४-५ मिल सहज मिळतात. लावलास तरी बिघडत काही नाही, फक्त झिरोला टरेट खालच्या टोकाला जाऊन अडकत नाही ना एवढं बघ. ज्यांना हजार मीटर करायचेत त्यांनी लावावा.

भिंगवाला

आणि स्कोप हातात आला की थंडीत एक रात्र बाहेर ठेवून सकाळी घरात आण. बाहेरच्या काचेवर दव धरेल, ते पुसलं की जातं. आतल्या बाजूने धुकं दिसलं तर ट्यूबमधला नायट्रोजन निघून गेलाय, सील फुटलंय, वॉरंटीत परत कर. त्याच वेळी गार स्कोपची सगळी चाकं हातमोजे घालून फिरवून बघ. काहींचं ग्रीस थंडीत इतकं घट्ट होतं की पटीचं चाक दोन बोटांनी हलत नाही, आणि हे उबदार खोलीत कधीच कळत नाही.

रानवाट

करतो. उभ्या रेघेची चाचणी झाली की आकडे इथेच टाकेन.